शेऱ्याचा रकाना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दोघा-तिघांनी "बाई, आहात ना?" अशी चौकशी केली, त्यांचे आभार. आहे, ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून जिना चढून गच्चीवर जाता येतं. गच्ची आहे तोवर माझी कसलीही तक्रार नाही.

आजचं लिखाण अर्धं कबुलीजबाब आहे आणि अर्धं मत. कबुली नातेवाईकांसाठी आहे, कारण माझी एक गोष्ट त्यांनी गेली काही वर्षं कौतुकाने ऐकून घेतली, आणि ती बहुधा खरी नाही. मत सगळ्यांसाठी आहे. पटलं तर घ्या.

आधी ती गोष्ट. डिसेंबर २०१९ च्या शेवटी बातम्या यायला लागल्या की मृग नक्षत्रातला तांबडा तारा, आपला काक्षी, इंग्रजीत ज्याला बेटेलज्यूस म्हणतात तो, अचानक मंद झाला आहे. आता त्याचा स्फोट होणार की काय अशी चर्चा सगळीकडे. मी वही उघडली, तर माझ्याच हातची नोंद: १४ डिसेंबर २०१९, काक्षी १.५. एरवी हा तारा साधारण अर्ध्या प्रतीचा, म्हणजे ०.५ च्या आसपास असतो. माझा आनंद काय विचारता! जगाला कळायच्या आधी सांगलीच्या एका गच्चीवर एका रिटायर मास्तरणीने ते पाहिलं होतं! जानेवारीत भाच्याच्या लग्नात ही वही मी पर्समधून नेली होती, हे आठवलं की आता कानकोंडं व्हायला होतं. "आमच्या आत्याने आधीच पकडलं होतं," असं भाचा व्याह्यांना सांगत होता आणि मी नको नको म्हणत ऐकत होते.

यंदा नाताळच्या सुट्टीत नात आली होती. ती पुण्याला इंजिनिअर आहे. तिने वही चाळली, त्या नोंदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी, हे किती वाजता बघितलं होतंस?"

मला सांगता आलं नाही.

आता हा प्रश्न इतका बोचरा का, ते कळण्यासाठी थोडं शास्त्र सांगावं लागेल. कंटाळा करू नका, मी बी.ए. मराठी आहे. मला समजलं ते कोणालाही समजेल.

ताऱ्याच्या तेजाला आपण प्रत म्हणतो. शर्यतीतल्या नंबरासारखा हा आकडा उलटा चालतो. जितका लहान तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट तेजाचा फरक, म्हणजे एका प्रतीला साधारण अडीच पट. हे गणित १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी बसवलं. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज बदलणारा तारा, शोधला होता. तेव्हा हा उद्योग आपल्याकडे नवा नाही.

नुसत्या डोळ्याने प्रत ठरवायची रीत पेपर तपासण्यासारखी आहे. आकडा हवेतून काढायचा नाही. ज्यांची प्रत पक्की माहीत आहे असे दोन तारे घ्यायचे, एक आपल्या ताऱ्यापेक्षा उजळ, एक मंद, आणि आपला तारा त्या दोघांच्या मधे कुठे बसतो ते पाहायचं. काक्षीसाठी मी रोहिणी (सुमारे ०.९) आणि मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा बेलाट्रिक्स (१.६) घेते. मधोमध वाटला तर १.२ किंवा १.३. रोहिणीच्या जवळ वाटला तर १.०. शिकलेल्या डोळ्याला एक-दोन दशांशाच्या फरकाने हे जमतं. जर्मनीतल्या आर्गेलांडर यांनी १८४४ मध्ये हौशी लोकांना आवाहन केलं होतं की अशी निरीक्षणं करा, आणि तेव्हापासून जगभर हजारो लोक ती करत आले आहेत. १९११ मध्ये अमेरिकेत यासाठी खास संस्था निघाली, एएव्हीएसओ. तिच्याकडे आजही नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी जमा होतात.

रीत सोपी आहे. घोटाळा मधल्या हवेत आहे.

डोक्यावरचा तारा आपण हवेच्या एका थरातून पाहतो असं धरा. तो स्वच्छ रात्रीसुद्धा पाव प्रतीने, ०.३ प्रतीने मंद दिसतो. क्षितिजापासून तीस अंशांवर आला की हवा दुप्पट होते. दहा अंशांवर साडेपाच पट. तिथे पहिल्या प्रतीचा तारासुद्धा दीड-पावणेदोन प्रतीने उतरतो. त्याने काही केलेलं नसतं, तो बिचारा तसाच तळपत असतो.

नातीने लॅपटॉपवर आकाशाचा तो प्रोग्रॅम उघडला आणि सांगली, १४ डिसेंबर २०१९, रात्री आठ असं घातलं. काक्षी पूर्वेला जेमतेम सतरा अंश वर. रोहिणी अडतीस अंशांवर. म्हणजे रोहिणी हवेच्या दीड-पावणेदोन थरांतून आणि काक्षी जवळजवळ साडेतीन थरांतून. नुसत्या त्या फरकाने काक्षी रोहिणीच्या मानाने अर्ध्या प्रतीने मंद दिसणार. बेलाट्रिक्ससुद्धा त्या वेळी काक्षीपेक्षा वरच असतो. मग तिने वेळ बदलून रात्री अकरा केली. काक्षी साठ अंशांवर, रोहिणी जवळजवळ डोक्यावर. आता हवेचा फरक नावापुरता.

त्या काळात यंत्रांनी केलेली मोजमापं प्रसिद्ध आहेत. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काक्षी सुमारे १.१ होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ पर्यंत उतरला, ती त्याची तळाची पायरी. म्हणजे मी १४ डिसेंबरला १.५ लिहिलं ते फार लवकर लिहिलं. तारा मंद झाला होता हे खरं, पण माझ्या वहीतल्या मंदपणात ताऱ्याचा वाटा किती आणि हवेचा किती? मी आठला पाहिलं असेल तर उरलेली सगळी घट हवेची. अकराला पाहिलं असेल तर माझा डोळा चुकला. यातलं काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी वेळ लिहिली नाही, आणि आकाश कसं होतं तेही लिहिलं नाही.

पंचांग काढून पाहिलं. दत्तजयंती होऊन तीन दिवस झाले होते, म्हणजे आठच्या सुमारास चंद्र नुकता उगवत असणार. चंद्र असा मागाहूनही सापडतो. पण धूर कसा सापडणार? डिसेंबर म्हणजे आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम. तोड झालेल्या उसाचं पाचट पेटवतात, त्याचा धूर संध्याकाळी खाली बसतो. कृष्णेवरून धुकं येतं ते वेगळं. त्या रात्री यातलं काय होतं ते कोणत्याच पंचांगात नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही चूक माझ्याकडून आधी होत नव्हती. २०१० ते २०१८ ची माझी प्रत्येक नोंद वेळेसकट आणि आकाशासकट आहे. आणि त्याचं श्रेय माझं नाही.

हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सगळा जन्म गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली आणि उशीर का झाला हे लिहिण्यात गेला. मी रिटायर झाल्यावर ताऱ्यांचं वेड घेतलं तेव्हा ह्यांना आकाशात काडीचा रस नव्हता. पण अंधाराला सरावलेले डोळे उजेडात वही बघून बिघडू नयेत म्हणून लिहायला कोणीतरी हवं होतं. मी आकडा सांगायची आणि हे बॅटरीला तांबडा जिलेटिन कागद लावून लिहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी वहीत पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, तारा, प्रत, आणि शेवटी सगळ्यात रुंद रकाना: शेरा.

मी म्हटलं, "शेरा कशाला? आकडा महत्त्वाचा."

हे म्हणाले, "गाडी वीस मिनिटं लेट एवढंच लिहिलं तर ड्रायव्हर मरतो. घाटात दरड होती हे कोण लिहिणार?"

मग ते लिहायचे. काही शेरे इथे उतरवते, कारण ते वाचण्यासारखे आहेत.

"नदीकडून धुकं. लहान तारे दिसत नाहीत."

"पश्चिमेला पाचट पेटवलंय. वास येतोय."

"समोर लग्नाचा मांडव, हॅलोजन. हात आडवा धरून पाहिले."

"पातळ ढग, मधेच रोहिणी झाकते. तीनदा पाहिले, तीनदा वेगळे आले."

"आज घाई. कणीक भिजवून ठेवली आहे."

शेवटच्या शेऱ्यावर मी तेव्हा रागावले होते. पण खरं सांगते, तो सगळ्यात प्रामाणिक शेरा आहे. त्या दिवशीचा आकडा खरोखरच घाईचा आहे.

पुढे मला कळलं की त्या अमेरिकेतल्या संस्थेच्या पद्धतीतही हेच आहे. आकड्यासोबत एक अक्षर लिहायची सोय आहे. चंद्र, संधिप्रकाश किंवा दिव्यांच्या उजेडाने आकाश उजळ असेल तर 'बी'. ढग, धूळ, धूर, धुकं असेल तर 'यू'. तारा क्षितिजालगत असेल तर 'एल'. आपलीच खात्री नसेल तर 'झेड'. आणि तारा दिसलाच नाही, तर 'नाही' लिहून मोकळं व्हायचं नाही. आपल्याला दिसलेला सगळ्यात मंद तुलनेचा तारा कोणता ते लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की आपला तारा त्याहून मंद होता. त्या रात्री आपल्या आकाशाची ऐपत किती होती, तेही न सांगता कळतं. ह्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मग? आमच्या लॉगशीटची नक्कल केली त्यांनी."

२०१८ च्या पावसाळ्यात हे गेले. त्या वर्षी मी वही उघडली नाही. २०१९ मध्ये पुन्हा गच्चीवर जायला लागले, पण एकटी. अंधारात चाचपडत लिहायचं, चष्मा कुठे, पेन कुठे. तारीख आणि आकडा लिहिला की खाली यायचे. शेऱ्याचा रकाना ह्यांनी आखलेला तसाच होता, कोरा. खरं म्हणजे तो भरायला मन होत नव्हतं. ते अक्षर त्यांचं होतं. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात, शंभर वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं असं काहीतरी आकाशात घडलं, आणि माझ्या वहीत त्याची जी नोंद आहे ती कोणाच्याच कामाची नाही.

ही झाली कबुली. लग्नात ज्यांना वही दाखवली त्या सगळ्यांनी ती गोष्ट आता मागे घ्यावी. आत्याने आधीच पकडलं होतं की नाही, हे आत्यालाच माहीत नाही.

आता मत.

नात म्हणाली, "आजी, एवढं काय? आठ वाजले असतील असं धरू. तू जेवायच्या आधीच जातेस वर. हवेची वजाबाकी केली की १.१ किंवा १.२ येतं, बरोब्बर जुळतं. तसं दुरुस्त करून टाक."

हिशेब बिनचूक होता. आणि मोह झाला, खोटं कशाला बोलू? पेन्सिलीची नोंद, खोडरबर हाताशी. पण विचार करा, हे आठ वाजले कुठून आले? उत्तर जुळतं म्हणून आठ वाजले. उत्तर १.५ च असतं तर आम्ही अकरा वाजले असं धरलं असतं. आधी उत्तर बघायचं आणि मग रीत लिहायची, असं करणाऱ्या पोरांचे मी तीस वर्षं मार्क कापले आहेत.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: जुनी नोंद दुरुस्त करू नये. ती चुकीची असेल तर चुकीची राहू दे. तिच्या शेजारी, आजच्या तारखेने, वेगळ्या शाईने, का चुकली असेल ते लिहावं. वजाबाकी करायची ती वाचणारा करील. त्याला उद्या माझ्यापेक्षा चांगली वजाबाकी येत असेल.

दुसरं म्हणणं: गच्चीवर जायच्या आधी मोबाइलवर आजची प्रत बघू नये. आज कुठल्याही ताऱ्याचा आकडा दोन मिनिटांत सापडतो. एकदा १.२ वाचलं की डोळ्याला १.२ च दिसतं. मी हे स्वतःवर करून पाहिलं आहे. धुक्याच्या रात्री, जेव्हा डोळ्याला नीट ठरवता येत नाही, तेव्हा तर वाचलेला आकडा हमखास जिंकतो. जितकं आकाश वाईट, तितकं मन आगाऊ. जुन्या निरीक्षकांचा सल्ला आहे की स्वतःची मागची नोंदसुद्धा बघून जाऊ नये. वहीचं कोरं पान उघडून वर जावं.

तिसरं: दोष फक्त आकाशाचा नसतो, डोळाही आकाशाचाच भाग धरावा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू जास्तच उजळ वाटायला लागतो, म्हणून काक्षीकडे झटकन पाहून नजर काढायची असते. मान वाकडी असली तरी फरक पडतो. दोन्ही तारे आपल्या दोन डोळ्यांच्या रेषेत आडवे येतील असं डोकं धरायचं, नाहीतर एरवी सारखे असलेले तारे वेगळे दिसतात. आणि माझं तर वयही आहे. २०२१ मध्ये डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर पहिल्या स्वच्छ रात्री वर गेले, एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्याला मृगाच्या पायाशी असलेला राजन्य निळसर पांढरा, लखलखीत. उजव्या डोळ्याला तोच तारा चहाच्या पाण्यातून पाहिल्यासारखा. पिकलेलं भिंग निळा उजेड अडवतं, तांबडा सोडतं. म्हणजे किती वर्षं माझ्या वहीत पांढरे-निळे तारे थोडे मंद आणि तांबडे तारे त्यांच्या मानाने उजळ लिहिले जात होते, आणि मला पत्ता नव्हता. भिंग एका रात्रीत पिकत नाही. ह्यांच्या शेऱ्यांतसुद्धा ते सापडणार नाही, कारण ते आम्हा दोघांनाही दिसत नव्हतं. आता त्या तारखेला वहीत शेरा आहे: "डावा डोळा नवा." दुसरा डोळा केला त्याचाही आहे.

कोणी म्हणेल, बाई, एवढी उस्तवार कशाला? यंत्रं आहेत, उपग्रह आहेत. खरं आहे. काक्षीच्या त्याच घटीचं मोजमाप जपानच्या हिमावरी-८ या हवामान उपग्रहाच्या चित्रांतूनही शास्त्रज्ञांनी काढलं, ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या चित्रांच्या कडेला तो तारा आपोआप येत होता, आणि मधे हवा नाही, धूर नाही, चंद्राची कटकट नाही. घटीचं कारणही कळलं. २०१९ मध्येच ताऱ्याने आपल्या पृष्ठावरचा मोठा ऐवज बाहेर फेकला, तो गार होऊन त्याची धूळ झाली आणि ती धूळ आपल्या आणि त्याच्या मधे आली. म्हणजे बघा, तिथेही तारा मंद झाला त्यात मधल्या धुळीचा वाटा होताच! फक्त ती धूळ त्याच्या अंगणातली होती आणि माझी आमच्या गच्चीवरची.

पण उपग्रह कालपरवाचे. त्या आधीचं काय? काक्षीचं तेज बदलतं हे जॉन हर्शेल यांच्या लक्षात आलं ते १८३६ मध्ये, नुसत्या डोळ्याने. तिथपासून आजपर्यंतचा या ताऱ्याचा इतिहास मोठ्या प्रमाणात अशाच माणसांच्या वह्यांतून आला आहे. आपल्याकडचे राधागोविंद चंद्र घ्या. जेसोरच्या कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात ते नाणी पारखण्याचं काम करायचे. मॅट्रिकसुद्धा पास नव्हते. दिवसा रुपये पारखायचे, रात्री तारे. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून जास्त नोंदी एएव्हीएसओला पाठवल्या. त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली होती. एका कारकुनाच्या नोंदीवर परदेशातल्या शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला तो पदवी बघून नव्हे. नोंद अशी होती की ती तपासता येत होती.

आणि आता जे सांगणार आहे ते आकाशाचं नाही, पण वही उघडल्यापासून मनात आहे.

शाळेतल्या प्रगतिपुस्तकातही शेऱ्याचा रकाना असतो. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, दोन दिवसांत पुस्तकं भरायची. आम्ही काय लिहायचो? "प्रगती समाधानकारक." "अभ्यास वाढवावा." एका मुलीच्या पुस्तकात मी सहावीत लागोपाठ दोनदा लिहिलं होतं: "वर्गात लक्ष देत नाही." ती मागच्या बाकावर बसायची, फळ्यावरचं उतरवून घेताना शेजारणीच्या वहीत बघायची. पुढल्या वर्षी शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा कळलं की तिला तिसऱ्या बाकापासून फळा दिसतच नव्हता. चष्मा लागला आणि मुलगी सुधारली असं लोक म्हणायला लागले. ती मुळात बिघडलेली नव्हतीच.

तिचे मार्क खरे होते, मला मिळाले तसेच मी लिहिले होते. चुकला तो माझा शेरा. म्हणून "शेरा लिहा" एवढं म्हणून भागत नाही. ह्यांचे शेरे परत वाचले तेव्हा लक्षात आलं की आठ वर्षांत त्यांनी एकदाही "काक्षी आज आळशी" असं लिहिलेलं नाही. धुकं, ढग, मांडव, कणीक. सगळे शेरे मधल्या गोष्टींवर आहेत, ताऱ्यावर एकही नाही. मी मात्र शेरा मुलीवर मारला, आणि मागचं बाक, कोंदट वर्ग, चकाकणारा फळा यातलं काहीच लिहिलं नाही. तिची माफी मागायची राहून गेली. आता ती पन्नाशीची असेल. वाचत असेल तर तिला कळेल.

तर मंडळी, मी १४ डिसेंबर २०१९ च्या नोंदीशेजारी निळ्या शाईने लिहिलं: "वेळ नोंदलेली नाही. आकाशाची स्थिती नोंदलेली नाही. तारा क्षितिजालगत असण्याचा संभव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आकडा वापरू नये." खाली आजची तारीख आणि सही. नात म्हणाली, "आजी, तू तर नोंद रद्दच केलीस." मी म्हटलं, रद्द कुठे? आकडा आहे तिथेच आहे. फक्त त्याच्या बाजूची दरड लिहिली.

तिने जायच्या आधी वहीच्या नव्या पानांवर पट्टीने रकाने आखून दिले. शेऱ्याचा रकाना ह्यांच्यापेक्षा थोडा अरुंद झाला आहे, पण चालेल.

काल रात्री वर गेले होते. नदीवरून धुकं इतकं होतं की रोहिणी कशीबशी दिसत होती आणि काक्षी असल्याचा नुसता भास. अर्धा तास थांबले, शाल गुंडाळून. मग बॅटरी लावून लिहिलं. तारीख, वेळ रात्री ९.४०, तारा काक्षी, प्रतीच्या रकान्यात आडवी रेघ. शेरा: "दाट धुकं. अंदाज बांधता येत नाही. थांबले होते."

तुमच्यापैकी कोणी अशा वह्या ठेवत असाल, ताऱ्यांच्या, पावसाच्या, साखरेच्या रीडिंगच्या किंवा नुसत्या खर्चाच्या, तर त्यात शेवटचा रकाना आहे का ते बघा. नसेल तर आखून घ्या. आणि असून कोरा असेल तर आजपासून भरा. मागचे राहू द्यात.

असो. गुडघ्याला तेल लावायची वेळ झाली. पुन्हा भेटू.